माझ्या थडग्यावरचे काळे केस

बोस्टन, मंगळवार, ११ जून १८१६
सकाळी सव्वादहा. तुझं रेशीम चौकटीवर ताणून झालं आहे आणि मी टाक तासतो आहे.

प्रिय हिटी,

आधी खाली बस. बसलीस? हे पत्र तुझा भाऊ जोथम लिहितो आहे आणि तो जिवंत आहे. विश्वास बसत नसेल तर खालची सही पाहून घे. एवढी रेखीव सही करण्यात वेळ घालवणारा माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही, असं आत्याच म्हणते.

मी बुडालो ही बातमी मला आज सकाळी दुकानात कळली. मी क्रँडल यांच्या चौकटींच्या दुकानात मागच्या खोलीत काम करतो. शाळांतून मुलींची शोकचित्रं येतात: थडगं, वर कलश, बाजूला झुकलेलं विलोचं झाड, रुमाल डोळ्यांना लावलेली बाई. रेशमाचे टाके मुलींचे असतात, चेहरे एक रंगारी रंगवतो, आणि थडग्यावरचा मजकूर शाईने मी लिहितो. या वर्षी निम्मं मॅसॅच्युसेट्स मी पुरलं आहे. आज तुझ्या पेलबाईंच्या शाळेची गुंडाळी उघडली. सोबतच्या चिठ्ठीत मजकूर होता, 'जोथम स्प्रेग यांच्या पवित्र स्मरणार्थ. ब्रिग हेस्टरसह समुद्रात बुडाले. वय बावीस.'

मी पहिल्यांदा वय तपासलं. ते चूक आहे. हेस्टर जहाज ऑक्टोबरमध्ये निघालं तेव्हा मी एकवीसचा होतो. बावीस मी डिसेंबरात पूर्ण केली, याच दुकानात, याच स्टुलावर. त्यानंतर भरणाऱ्या मुलीचं नाव, मेहिटाबेल, वाचलं आणि मला उमगलं की हा जोथम मीच. मग मी स्टुलावरून पडलो.

मी जहाजावर का नव्हतो ते सांगतो. हसू नकोस, किंवा हस, तुझा हक्क आहे. सेलमच्या धक्क्यावर होडी उभी होती. थंडीने म्हण, भीतीने म्हण, माझे हात कापत होते, म्हणून तांडेल ओबेड फेनने आपले लोकरी हातमोजे काढून मला दिले. ते घालताना मनात आलं, खाणावळीतल्या माझ्या पेटीला कुलूप लावलं का? ओबेड म्हणाला, "अरे, त्या पेटीत आहे काय?" मी म्हटलं, "काही नाही, पण कुलूप?" तो म्हणाला, "जा बाबा, बघून ये. नाहीतर पार मार्टिनिकपर्यंत आमचं डोकं खाशील." कुलूप लावलेलं होतं. मी ते तीनदा ओढून पाहिलं. परत आलो तेव्हा हेस्टरने शिडं उभारली होती आणि ओबेड कठड्याला टेकून माझ्याकडे बघून पोट धरून हसत होता.

ही नोकरी आत्याने कप्तानाच्या दारात दोनदा जाऊन मिळवली होती. कुलपापायी घालवली हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून मी एक बेत केला. इतका हुशार बेत की तो माझ्या डोक्यातून निघाला याचंच मला नवल वाटत होतं. हेस्टर वसंतात परत येईल, तेव्हा सेलमला जाऊन तिच्या माणसांत मिसळायचं आणि घरी यायचं, मार्टिनिकच्या उष्ण बेटावर जाऊन आल्यासारखं. ओबेडने तोंड बंद ठेवलंच असतं. पुरावा म्हणून मी बाजारातून एक नारळ विकत घेऊन ठेवला आहे. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून धक्क्याकडे फिरकलो नाही, आणि वर्तमानपत्रात जहाजांच्या बातम्या आल्या की पान उलटत होतो. एप्रिल गेला, मे गेला, तेव्हा उलटा वारा असेल असं स्वतःला सांगितलं.

आता हिटी, मला सांग, बाकीचे? तू माझं एकट्याचंच नाव दिलं आहेस. त्यांना कुणीतरी उचललं असेल ना? ओबेडचे हातमोजे माझ्याकडे आहेत.

चित्र सुंदर आहे. तीन गोष्टी फक्त सांगतो. हेस्टरला दोन डोलकाठ्या होत्या, तू तीन भरल्या आहेस. वयाचं वर आलंच आहे. आणि थडग्यावरची वेल तू मृताच्या केसांनी भरली आहेस, रिवाजच आहे, पण ते केस काळेभोर आहेत. माझं डोकं गाजराच्या रंगाचं आहे, हे तू आठ महिन्यांत विसरलीस? कुणाचे आहेत ते? घोड्याचे?

लगेच लिही. मी घरी येऊ का?

तुझा भाऊ (जिवंत),
जोथम स्प्रेग


पेलबाईंची शाळा, एल्डन
१५ जून

जोथम,

पत्र जेवणाच्या टेबलावर आलं. टपालाचे दहा सेंट मी भरले, कारण मेलेल्या माणसाचं पत्र परत कसं पाठवतात ते मला ठाऊक नव्हतं. वाचून मी कपडे धुण्याच्या खोलीत गेले आणि टपात तोंड घालून ओरडले. मुलींना सांगितलं दाढ दुखते. आता रोज सकाळी मला लवंग लावतात.

कुलूप! आठ महिने! आत्याने तुझ्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना म्हणवली, मी चार वेळा चक्कर येऊन पडले, त्यातली तीनदा खरोखर, आणि तू बोस्टनमध्ये नारळ सांभाळत बसलास! तू समोर असतास तर तो नारळ तुझ्याच डोक्यात फोडला असता. मग तुला मिठी मारली असती. आधी नारळ.

बाकीच्यांचं विचारलंस. जानेवारीत नॅन्टकेटच्या किनाऱ्याला हेस्टरच्या नावाची फळी लागली. कुणी परत आलं नाही. कप्तान नाही, आचारी नाही. ओबेड फेनसुद्धा नाही.

आता नीट वाच. घरी येऊ नकोस. तीन जुलैला शाळेचं प्रदर्शन आहे. पेलबाई माझं चित्र मधोमध लावणार आहेत, खिडकीसमोर. आत्या येणार आहे, पाद्री येणार आहेत. पाच महिने मेलास, आणखी तीन आठवडे मेलास तर काय बिघडणार आहे? तुझे बूट आत्याने पाद्र्यांच्या मुलाला दिले. त्याला ते होत नाहीत, पण बुडालेल्या माणसाचे म्हणून तो लंगडत घालतो. गावात तुझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. जिवंत असताना ही सोय तुला कधी होती?

केसांची पंचाईत तुला कशाला? टोप करणाऱ्याकडून आणले. गाजराच्या रंगाचे त्याच्याकडे नव्हते, कुणी मागतच नाही म्हणाला. डोलकाठी जास्त झाली, कबूल. वय काय हवं ते घाल.

सांगितला आहे तेवढा मजकूर लिही आणि चित्र वेळेवर पाठव. तीन जुलैनंतर हवा तितका जिवंत हो. मी पाया पडते तुझ्या.

हिटी


पिल्टन बंदर
१७ जून

चौकटींच्या दुकानात अक्षरं लिहिणाऱ्यास,

आमच्या मेहिटाबेलचं शोकचित्र तुमच्याकडे आलं आहे. पैसे मी भरते म्हणून मी लिहिते.

पेलबाईंनी खाली चार ओळींची कविता घालायला सांगितली असेल, तर ती घालू नका. त्या कवितेत मुलगा देवदूत झाला आहे. तो देवदूत नव्हता. जेवताना घेवड्याचे दाणे लहानमोठे वेगळे करायचा आणि तोवर घेवडा थंड व्हायचा. नाव, जहाज, वय, एवढं पुरे.

ओळ सरळ ठेवा. भिंतीवरची तसबीर कललेली दिसली की तो उठून सरळ करायचा, शेजाऱ्यांच्या घरातसुद्धा. मी त्याला त्यावरून खूप बोलले आहे. तुमचं एखादं अक्षर वाकडं गेलं तर मी पैसे कापणार नाही, पण ते माझ्या समोरच्या भिंतीवर राहील, आणि उठून सरळ करणारा आता घरात कुणी नाही.

थडग्यावर केसांची वेल आहे. तिच्या रंगावरून कुणी काही म्हटलं तरी उसवू नका. आहे तशी असू द्या.

डॉर्कस स्प्रेग


बोस्टन, २० जून
दुपार. सरस तापत ठेवला आहे.

हिटी,

सोबत आत्याच्या पत्राची नक्कल जोडतो आहे. मूळ पत्र मी देणार नाही, ते माझ्या नावाने आलेलं आहे, तिला ठाऊक नसलं तरी.

क्रँडल यांनी ते वाचून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई खडूस दिसते."

"फार," मी म्हणालो, आणि मागच्या खोलीत जाऊन तोंड धुतलं.

परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हिशेबाची वही उघडली. मग म्हणाले, "म्हणजे इतके महिने मी मेलेल्या माणसाला पगार देतोय?"

"होय."

"तरीच."

त्यांना माझं काम सावकाश वाटतं. मी प्रत्येक अक्षर आधी शिसपेन्सिलीने काढतो, मोजतो, पुसतो, परत काढतो. दुसऱ्या मेलेल्या लोकांची त्यावर तक्रार नसते.

दुकानातर्फे आत्याला उत्तर लिहायला बसलो. 'आपलं पत्र पावलं' एवढं लिहिलं आणि थांबलो. तिने माझं अक्षर लगेच ओळखलं असतं. डाव्या हाताने लिहून पाहिलं, तर तेही सरळच येतं. असला माणूस लबाडी करायला नालायकच.

ओबेडचं वाचल्यापासून मला झोप नीट लागत नाही. तो हसत होता, हिटी. मी वाचलो ते अंगच्या कसल्या गुणाने नाही. कुलपाचा संशय आला म्हणून वाचलो. ज्याने मला 'जा बघून ये' म्हटलं तो गेला. ही गोष्ट मी कुणाला सांगू, आणि सांगितली तर ऐकणाऱ्याने हसायचं की काय करायचं?

तेव्हा माझा निर्णय ऐक. मी ते तीन आठवडे मेलेला राहणार नाही. आत्याने लिहिलं आहे, सरळ करणारा घरात कुणी नाही. ती हे लिहीत असताना मी इथे तिच्याच पैशांच्या रेशमावर रेघा मारत होतो. शिवाय तिच्या डोळ्यांचंही काहीतरी झालं असावं. केसांचा रंग असू द्या म्हणते. काळा आणि गाजरी यांतला फरकही बिचारीला आता दिसत नसणार. येत्या गुरुवारच्या गाडीने मी पिल्टनला जाणार आहे. चित्रावर माझं नाव मी लिहिणार नाही. खोटं लिहायला मी टाक तासणार नाही.

तुझं चित्र मधोमध लागावं, खिडकीसमोर लागावं, ही तुझी हौस मला कळते. पण भावाच्या मरणापेक्षा भावाच्या मरणाचं चित्र तुला जास्त प्यारं आहे, हे वाचून वाईट वाटलं. टोपवाल्याचे केस घालून माझं दुःख करणारी बहीण आहे तुझ्यासारखी, तर मला शत्रूंची गरज काय? बरं झालं मी तसाही मेलोच आहे.

जोथम


पेलबाईंची शाळा, एल्डन
२३ जून, रविवार

दादा,

चर्चला मी गेले नाही. दाढेचं सांगितलं.

टोपवाला नाही. कुणीच टोपवाला नाही. ते केस ओबेडचे आहेत.

सप्टेंबरात तो आपल्याकडे तुझ्या नोकरीचं बोलायला आला होता ना, कप्तानाचा निरोप घेऊन? त्यानंतर तो आणखी चार वेळा आला आणि निरोप कसलाच नव्हता. तू प्रत्येक वेळी त्याला तुझ्या पेटीतल्या सामानाची यादी वाचून दाखवलीस. तो किती शांतपणे ऐकायचा ते आठवतं? माझ्यासाठी ऐकायचा. निघायच्या आदल्या रविवारी त्याने फाटकापाशी मानेवरची एक बट कापून दिली आणि म्हणाला, वसंतात मोठा तांडेल होऊन येतो, मग आत्याशी बोलतो, तोवर कुणाला काही सांगायचं नाही. त्याच्या आईलाही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नाही. मी दिलेला शब्द पाळते, एवढंच मला येतं.

मग फळी किनाऱ्याला लागली. मी त्याची कुणीही नव्हते, दादा. त्याच्यासाठी काळं नेसायचा मला हक्क नाही. त्याचं नाव घेऊन रडले असते तर गावाने तोंडाला हात लावला असता. पण तू माझा भाऊ होतास. तुझ्यासाठी मला काळं नेसता आलं. तुझ्यासाठी चर्चमध्ये हुंदके देता आले, जेवण टाकता आलं, आणि शेजारणी काकवी घातलेल्या घेवड्याची मडकी घेऊन आल्या. सगळे म्हणाले, बहिणीची माया बघा. निम्मं तुझं होतं, खोटं नाही सांगत. थोडं जास्तच तुझं असेल. पण कुठला अश्रू कुणाचा ते मला वेगळं करता येत नव्हतं. तू घेवडा निवडायचास तसं.

पेलबाई म्हणाल्या, भावाचं शोकचित्र भर. वेलीसाठी आत्याने केस कुठून आणलेस विचारलं, तर मी म्हटलं, त्याच्या कंगव्यातले. आत्या काही बोलली नाही. ते टाके घालायला मला मार्चचा सगळा महिना लागला. केस रेशमासारखा नसतो, तो वळत नाही, तुटतो. माझ्याकडे होता तो एवढाच, म्हणून मी श्वास रोखून भरला.

तू जिवंत आहेस. मी देवाचे किती आभार मानले ते तुला कळणार नाही. पण आता मला काळं उतरवून हसायला हवं. सगळे माझा हात धरून म्हणतील, नशीबवान मुलगी, भाऊ परत आला! आणि मी हसेन, आणि खरंच आनंदानेच हसेन. मग त्याच्यासाठी रडायला मला कुठे जागा उरते, सांग? मला तीन जुलै हवा होता तो बक्षिसासाठी नाही. एक दिवस सगळ्यांच्या समोर ती वेल भिंतीवर असेल, लोक टोप्या काढून उभे राहतील, आणि मी तिच्या बाजूला उभी असेन. तेवढंच हवं होतं.

पण आत्याचं पत्र वाचलं. तू जा. तू म्हणतोस तेच बरोबर आहे. चित्र कोरं परत पाठव.

हिटी


पिल्टन बंदर, आत्याचं घर
शनिवार, २९ जून. दुपारी तीन. पायांत पाद्र्यांच्या मुलाने परत केलेले बूट आहेत, ते आता सैल झाले आहेत.

प्रिय हिटी,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि मग आधीच्या पत्रात तुला काय काय लिहिलं होतं ते आठवलं. 'टोपवाल्याचे केस घालून' वगैरे. मी एकट्याने एवढा मूर्खपणा करू शकतो याचं मला नेहमीच कौतुक वाटत आलं आहे, पण या खेपेला मी स्वतःच्याही पुढे गेलो. ओबेड चार वेळा माझ्या सामानाची यादी ऐकायला आला असं मी समजत होतो. तिसऱ्या वेळी तर मी त्याला मोज्यांचे रंगही सांगितले. आणि मनात म्हणालो, वा, नीटनेटकेपणाची कदर असलेला माणूस भेटला.

चित्र मी कोरं पाठवलेलं नाही. काय केलं ते सांगतो, आधी घरचं.

मी टपालगाडीतून उतरून चालत आलो. रस्त्यात कुणी भेटू नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढली होती, म्हणून दोनदा खड्ड्यात पडलो. आत्या परसात होती. यंदा जूनमध्येही पहाटे दव गोठतं, म्हणून ती घेवड्याच्या रोपांवर कपडे पांघरत होती. ते माझे सदरे होते. बूट तिने देऊन टाकले, सदरे मात्र एकही दिला नव्हता, सगळे रोपांवर ओळीने. ती मान वर करून बघत राहिली. मी सेलमपासून सगळं भाषण पाठ करून आलो होतो, कुलूप, लाज, क्षमा, क्रमाने. त्यातलं एक अक्षर आठवेना.

ती म्हणाली, "फाटक लावलंस?"

मी मागे वळून पाहिलं. फाटक सताड उघडं होतं. हिटी, जन्मात पहिल्यांदा मी फाटक उघडं टाकून आलो होतो.

"नाही," मी म्हणालो.

"मग तूच आहेस की नाही शंका येते," ती म्हणाली, आणि घेवड्याच्या वाफ्यात मटकन बसली. दोन रोपं गेली. मी तिच्या शेजारी बसलो, तिसरं गेलं.

बऱ्याच वेळाने तिने मला हातांनी चाचपून पाहिलं, आणि मग मारलं. सदऱ्याने. ओला होता. कुलपाचं ऐकून म्हणाली, "तुझ्या या खोडीपायी मी अकरा वर्षं देवाकडे रडले. आता त्याला काय सांगू, ऐकलं नाहीस ते बरं केलंस म्हणून?"

संध्याकाळी मी तिला म्हटलं, "आत्या, केसांचा रंग..." तुझं गुपित फोडणार नव्हतो, शपथ. तिचे डोळे तपासून घ्यावेत एवढंच सुचवणार होतो.

ती म्हणाली, "अकरा वर्षं तुझं डोकं मी साबणाने धुतलं. तुझे केस मला ठाऊक नसतील? मार्चमध्ये पोरीला भेटायला गेले तेव्हाच बघितलं. काळे केस हातात धरून बसली होती, पवित्र ग्रंथ धरावा तसे. फाटकाशी चार वेळा कोण येऊन उभा राहायचा ते मला स्वयंपाकघरातून दिसत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"ती बोलली का?" आत्या म्हणाली. "तिला जेवढं झाकायचं होतं तेवढं मी झाकू दिलं. रेशमाचे पैसे मात्र दिले."

म्हणजे डोळे गेले होते ते माझे.

आता चित्र. मजकूर मी असा लिहिला: 'ओबेड फेन, तांडेल, आणि ब्रिग हेस्टरवरील सर्वजण यांच्या पवित्र स्मरणार्थ. ज्यांनी वाट पाहिली त्यांच्याकडून, आणि जो किनाऱ्यावर राहिला त्याच्याकडून.' किनाऱ्यावर राहिला तो मी. आपल्या घरातून त्याचा शोक होतो आहे तो माझ्यामुळे, त्याने मला हातमोजे दिले आणि कुलूप बघायला जाऊ दिलं म्हणून. कुणी विचारलं तर हेच उत्तर, आणि ते खरं आहे. माझ्या उपकारकर्त्यासाठी आपलं सगळं घर काळं नेसू शकतं. तुला काळं उतरवायचं कारण नाही.

चौकटीच्या काळ्या काचेवर, रिवाजाप्रमाणे, सोन्याच्या वर्खात चित्र भरणाऱ्या मुलीचं नाव असतं. ते मी लिहिलं: मेहिटाबेल स्प्रेग. तेव्हा तुमची दोन्ही नावं एका चौकटीत आली आहेत. त्यात कुणाला विचारण्यासारखं काही नाही. आणि ज्याला कळायचं त्याला कळेल.

तिसरी डोलकाठी मी उसवली नाही. तुझे टाके उसवायची माझी लायकी नाही.

प्रदर्शनाला मी येणार नाही. आत्याचा हुकूम आहे. "तू गेलास तर सगळे तुलाच बघत बसतील," ती म्हणाली. "मेलेला माणूस उठून आल्यावर भरतकाम कोण बघतो? एकदा तरी घरात स्वस्थ बस." मी परवा बोस्टनला परततो. आत्या येईल. एकटी येईन असं म्हणाली नाही, पण गाडी मोठी सांगितली आहे.

तुझा दादा,
जोथम


फेनबाईंचं घर, पिल्टन बंदर
४ जुलै. बाहेर स्वातंत्र्यदिनाच्या तोफा उडताहेत.

दादा,

पत्र कुठून लिहिते आहे ते वर पाहिलंस ना?

काल पेलबाईंनी पडदा काढला आणि मजकूर वाचून त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. "हे नाव कुणाचं? जोथम कुठे गेला?" त्या कुजबुजल्या. पाद्र्यांनी टोपी काढली होती ती हातात तशीच राहिली. तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, आणि तुला माहीत आहे ती हळू बोलू शकत नाही, "माझा भाचा जिवंत आहे. बोस्टनमध्ये आहे, थोडा सुकला आहे. चूक आमची झाली. चित्रात काही चूक नाही."

एकदम गलका झाला. सगळे आत्याभोवती. आणि बरोबर तेव्हा, सगळ्यांची पाठ फिरलेली असताना, आत्याबरोबर आलेली एक लहानशी बाई चित्राजवळ गेली. फेनबाई, ओबेडची आई. आत्याने त्यांना आपल्या गाडीतून आणलं होतं. वाटेत काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. आत्या म्हणते हवापाण्याचं बोललो.

त्यांनी चष्मा लावला. वेल पाहिली. बोट काचेवर ठेवलं आणि एका वळणावरून हळूहळू फिरवलं.

"हे मानेवरचे," त्या म्हणाल्या. "तिथेच असे वळायचे. बाकी सगळे सरळ."

बोट काचेवरच ठेवून त्यांनी विचारलं,

"तू भरलंस?"

"होय."

"तुटले नाहीत?"

"दोन तुटले. ते मी जपून ठेवले आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढला, आधी मला दिला, मग परत मागून स्वतःचे डोळे पुसले. म्हणाल्या, "माझ्याकडे त्याचं काहीच नाही. जाताना एक केस सोडून गेला नाही. उद्या माझ्याकडे जेवायला ये. तो काय काय खायचा ते तुला सांगते. गावात आता ऐकायला कुणी नाही मला."

म्हणून मी इथे आहे. खारवलेल्या माशाचा रस्सा झाला. त्याला तो आवडायचा नाही, हे मला आजच कळलं. आम्ही दोघी खूप हसलो, आणि मग बाहेर तोफा सुरू झाल्या, तेव्हा मोठ्याने रडलो. शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही.

एक विचारते. हातमोजे कुठे आहेत? फेनबाई म्हणाल्या, ते त्यांनी विणले होते.

हिटी


बोस्टन, ९ जुलै
सकाळी सहा. दुकान उघडायचं आहे. कुलूप मी उघडलं, आणि ते उघडलंच आहे ना हे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

प्रिय हिटी,

सोबत हातमोजे पाठवतो आहे. डाव्याचा अंगठा फाटला होता, तो मी काल रफू केला. माझे टाके बघून हसू नका. तीनदा उसवले. क्रँडल म्हणाले, "हे काय आता, मेल्या, शिवणकाम?" आता दुकानात मला याच नावाने हाक मारतात. मी ओ देतो.

माझ्या मरणाचा हिशेब केल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून केला आहे. आत्याला दाखव:

रेशीम, भरतकामाचे धागे, शाळेची फी: आत्याने भरले, ११ डॉलर. मला फेडायचे आहेत.
चौकट, काळी काच, सोन्याचा वर्ख: ६ डॉलर ५० सेंट. क्रँडल यांनी माझ्या पगारातून कापले.
माझ्याच मरणाची आणि जगण्याची पत्रं, टपाल: ५० सेंट, तुझे आणि माझे मिळून.
बोस्टन ते पिल्टन, जाऊन येऊन: ४ डॉलर.
घेवड्याची रोपं, तीन: आत्या पैसे घ्यायला तयार नाही. पुढच्या वसंतात येऊन लावून देणार.
नारळ, एक: २० सेंट. अजून फोडलेला नाही. आता त्याचं काय करायचं ते सुचत नाही.
हातमोजे, लोकरी, एक जोडी: ओबेड फेनकडून उसने घेतले, धक्क्यावर. परत द्यायचे राहिले. कुणाला द्यायचे ते तुम्ही दोघी ठरवा.

जोथम